चहात टाकायची गोळी

मेडिकल स्टोअर चालवणाऱ्या माणसाला अर्ध्या तालुक्याचं घरातलं माहीत असतं. कोणाला शुगर, कोणाला मूळव्याध, आणि कोणाचं कोणाला सांगायचं नाही तेही. माझं दुकान वर्धा जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावी एसटी स्टँडसमोर आहे. बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांवरून लोक येतात, बीपीच्या गोळ्या, लहान पोरांचं सर्दीचं औषध, ढोरांचं औषध पण विचारतात (ते ठेवत नाही म्हणलं तरी पुढच्या बाजाराला परत विचारतात). आणि दर बाजाराला एखादी तरी बाई गर्दी कमी व्हायची वाट बघत कडेला उभी राहते. सगळे गेले की पदर सारखा करत हळूच म्हणते, "भाऊ, ते चाहात टाकाची गोयी हाय का जी?"

कशाची गोळी ते विचारावं लागत नाही. दारू सोडवायची. त्याला न कळता द्यायची. टीव्हीवर बघितलेली असते, आता तर मोबाईलवर रोज येते, न सांगता दारू सोडवा, वास नाही चव नाही, शंभर टक्के गॅरंटी, कुरिअरनं घरपोच. कोणी हजार रुपये घालवून आलेली असते, कोणी तीन हजार. कापसाच्या चुकाऱ्यातले, म्हणजे माल विकून आलेल्या रकमेतले, लपवून ठेवलेले पैसे.

या गोळीबद्दल एकदा नीट लिहायचं किती दिवसांपासून मनात होतं, कारण काउंटरवर पाच मिनिटात सगळं सांगता येत नाही आणि मागे चार लोक उभे असले तर काहीच सांगता येत नाही.

तर कुरिअरनं येणाऱ्या बऱ्याचशा पावडरींमध्ये काय असतं ते पाकिटावर धड लिहिलेलंच नसतं, त्यांचं सोडून द्या. पण अशी एक खरी गोळी आहे. तिचं नाव डायसल्फिराम. हे मूळचं रबराच्या धंद्यातलं रसायन. १९४० च्या दशकात डेन्मार्कमधले दोन संशोधक हे रसायन पोटातल्या जंतांवर चालतं का ते बघत होते, त्यासाठी त्यांनी ते स्वतःच घेतलं आणि मग कुठंतरी पार्टीत दारू प्यायले तर त्यांची हालत खराब झाली, त्यावरून हे औषध दारूसाठी पुढं आलं. गोळी काम कशी करते, तर दारू शरीरात गेली की तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड नावाचं एक विषारी द्रव्य बनतं आणि मग लिव्हर त्याला पुढं निकामी करते. ही गोळी ते पुढचं काम अडवून ठेवते. म्हणजे गोळी घेतलेल्या माणसानं एक पेग जरी मारला तरी तोंड लाल होतं, छाती धडधडते, डोकं ठणकतं, उलट्या होतात, बीपी खाली जातं. गोळी बंद केल्यावरही हा असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. हार्टचा पेशंट असला किंवा खूप प्यायलेला असला तर जीवावर पण बेतू शकतं.

आता ही गोळी त्याला न सांगता चहात टाकली समजा. तो संध्याकाळी नेहमीसारखा प्यायला बसतो. उलट्या सुरू होतात. त्याला काय वाटेल? आपण दारू सोडायला पाहिजे असं त्याला कधीच वाटत नाही, त्याला वाटतं आज माल खराब होता. तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्या भट्टीवर जातो! मी ऐकीव सांगत नाही, काउंटरवर उलटीची गोळी घ्यायला आलेल्या माणसांनी त्या भट्टीवाल्याला शिव्या देताना मी स्वतः ऐकलंय. आणि त्यातून दवाखान्यात न्यायची वेळ आली तर तिथल्या डॉक्टरला माहीत नाही पोटात काय गेलंय, बाई भीतीनं सांगत नाही, आणि कळल्यावर घरात जे होतं ते वेगळंच. एकीनं मला सरळ सांगितलं, "सांगतलं त मारतीन मले." म्हणून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ही गोळी मी देत नाही, आणि चिठ्ठी असली तरी पेशंटला माहीत आहे का ते विचारतो. काही लोकांना राग येतो. येऊ दे बाप्पा.

मग त्या बाईला नुसतं नाही म्हणून पाठवायचं का? पूर्वी माझ्याकडं सांगायला काही नव्हतं. आता आहे. आमच्याच बाजारात, कापसाच्या जिनिंगच्या मागच्या गल्लीत एक संस्था दोन खोल्या भाड्यानं घेऊन आठवड्यातून एकदा, बाजाराच्याच दिवशी व्यसनमुक्तीची ओपीडी चालवते. नाव लिहीत नाही कारण त्यांनीच सांगितलं लिहू नको, नाव लिहिलं की नागपूर-अमरावतीवरून फोन येतात आणि त्यांच्याकडं माणसं कमी आहेत. एक नर्स ताई, दोन समुपदेशक, आणि महिन्यातून दोनदा येणारे मानसोपचाराचे डॉक्टर. समुपदेशकांपैकी एक स्वतः प्यायचा. तो पहिल्याच भेटीत पेशंटला सांगून टाकतो, "मी बी पेलो भाऊ, वावर इकून पेलो, तू मले नोको शिकवू." मग समोरच्याचं अर्धं नाटक तिथंच संपते.

बाजाराचा दिवस का धरला, तर बाई घरून निघताना भाजीपाला आणायला चालली म्हणून निघू शकते आणि नवरा पण बाजाराला आलो म्हणून येऊ शकतो. कोणाच्या डोळ्यावर येत नाही. बाकी दिवशी त्या गल्लीत शिरायचं म्हणजे गावाला कळलंच.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं होतं इथं भाषण देत असतील, दारू वाईट, पोरांचं तोंड बघ, आईची शपथ घे. आमच्याकडं शपथा लय स्वस्त आहेत, देवळात नेऊन नारळावर हात ठेवायला लावायचा, पोराच्या डोक्यावर हात ठेवायला लावायचा, आणि पोळा आला की सगळं विसरायचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं काय अवस्था असते ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. पण तिथं शपथ नाही. नर्स ताई आधी विचारते शेवटची किती वाजता घेतली, सकाळी उठल्यावर हात थरथरतात का, आधी कधी सोडली होती तेव्हा फिट आली होती का, रात्री काही दिसलं होतं का.

हे शेवटचं काय आहे ते सांगतो, कारण हे गावातल्या प्रत्येक माणसाला माहीत पाहिजे. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली की सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम, मळमळ, झोप नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि दोन-तीन दिवस झाल्यावर काही जणांना भास सुरू होतात, अंगावर किडे चालताना दिसतात, भिंतीवर माणसं दिसतात, मेलेला भाऊ बोलावतो, ताप, अंगात धडधड, कोणाला ओळखत नाही. आता तुम्हीच सांगा, खेड्यात रात्री दोन वाजता हे झालं तर घरचे काय समजतील? बाहेरचं लागलं. मग लिंबू, अंगारा, मांत्रिक, खाटेला बांधून ठेवणं, आणि दवाखान्यात न्यायचे मोलाचे तास तिथं जातात. नाहीतर कोणीतरी शहाणा म्हणतो दे रे त्याला थोडीशी, आणि थोडीशी दिली की शांत होतो, मग गावभर पक्कं होतं की दारू सोडली तर माणूस मरते. अर्धं खरंच आहे ते. बिना औषधाची, बिना देखरेखीची एकदम सोडली तर मरू शकतो. पण औषधावर सोडली तर ते दिवस बरेचसे सुखरूप जातात, क्लोरडायझेपॉक्साइडसारख्या गोळ्या आधी जास्त आणि मग रोज कमी कमी करत नेतात, सोबत थायमिन म्हणजे बी-१ चं इंजेक्शन. थायमिन साधं वाटतं पण फार महत्त्वाचं, दारुड्याच्या अंगात ते बऱ्याचदा कमी झालेलं असतं आणि ते न देता नुसती ग्लुकोजची सलाईन चढवली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशक्तपणा आला की सलाईन लावा म्हणणारे आमच्याकडं घरोघरी आहेत म्हणून मुद्दाम लिहिलं.

ज्याला आधी फिट येऊन गेली, ज्याला भास झाले, ज्याची तब्येत खालावली, त्याला संस्था आपल्याकडं ठेवत नाही. सरळ सेवाग्रामच्या नाहीतर नागपूरच्या मेडिकलच्या वार्डात पाठवते, आणि सोबत माणूस देते. त्या सोबतच्या माणसामुळंच पेशंट जातो, नाहीतर मोठ्या दवाखान्यात केस पेपर कुठं काढायचा इथूनच लोक परत फिरतात.

आता तुम्ही म्हणाल वर्धा जिल्ह्यात दारू आली कुठून. हसू नका. १९७५ पासून आमचा जिल्हा दारूबंदीचा आहे, गांधीजी आणि विनोबांचा जिल्हा म्हणून. गडचिरोलीत १९९३ ला झाली. चंद्रपुरात बायकांनी कितीतरी मोर्चे काढून २०१५ ला आणली आणि २०२१ ला सरकारनं उठवली. आमच्याकडं नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा, तिकडं दुकान, आणि इकडं मोहाची हातभट्टी, सडव्याचे, म्हणजे आंबवलेल्या मोहाचे, ड्रम नाल्यात पुरलेले. पोलीस सडवा नष्ट करतात, फोटो पेपरात येतो, आठ दिवसांनी पुन्हा धूर. बंदी असावी की नसावी यावर चहाच्या टपरीवर रोज भांडणं होतात आणि इलेक्शनच्या आधी जरा जास्तच. मी स्वतः बंदीच्या बाजूनं आहे, बायकांना तिचा आधार वाटतो आणि पोलिसांत जायला एक कारण मिळतं, तेवढ्यासाठी तरी ती असावी. पण या सगळ्या भांडणात जो आधीच लागलेला आहे त्याचं काय करायचं हे कोणी बोलतच नाही. उलट बंदीच्या जिल्ह्यात एक गोष्ट अशी होते की माणूस डॉक्टरकडं पण खरं सांगायला घाबरतो, पितो म्हणलं तर केस होईल. कावीळ झाली म्हणतो. पोटात गॅस म्हणतो. केंद्र सरकारनं एम्सकडून देशभर व्यसनांचा सर्व्हे केला होता, २०१९ ला रिपोर्ट आला, त्यात असं होतं की दारूचं पक्कं व्यसन लागलेल्या ३८ जणांमागं एकालाच कुठला तरी उपचार मिळतो. माझ्या काउंटरवरून बघता मला तो आकडा खोटा वाटत नाही.

गडचिरोलीत सर्च संस्था, सरकार आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून २०१६ ला मुक्तिपथ हा दारू-तंबाखू कमी करायचा कार्यक्रम सुरू केला, तिथं गावाची संघटना आणि तालुक्याच्या ठिकाणी क्लिनिक अशा दोन्ही गोष्टी एकत्र आहेत. मला ते पटतं. गावानं भट्टी बंद केली आणि पिणाऱ्याला औषध मिळालं नाही तर तो नदी ओलांडणार, आणि औषध मिळालं पण घरामागंच भट्टी असली तर किती दिवस टिकणार?

बरं, गोळीकडं परत येतो. गंमत अशी आहे की जिनिंगमागचे डॉक्टर पण कधी कधी हीच डायसल्फिराम लिहून देतात, सगळ्यांना नाही, लिव्हर-हार्ट बघून. तेव्हा ते नवरा-बायको दोघांना समोर बसवतात. गोळी काय करते, घेऊन प्यायलास तर काय होईल, हे त्याच्या तोंडून वदवून घेतात. शेवटची दारू घेऊन किमान एक दिवस झाल्याशिवाय सुरू करत नाहीत. खिशात ठेवायला चिठ्ठी देतात, मी हे औषध घेतो म्हणून. आणि मग ठरतं की रोज सकाळी गोळी बायकोच्या हातून, तिच्यासमोर घ्यायची. कारण कोणीतरी समोर उभं असलं तर ही गोळी चालते, एकट्याच्या भरवशावर सोडली की आठ दिवसांत डबा कोपऱ्यात. म्हणजे बघा, बाई तीच, सकाळचा चहा तोच, गोळी पण तीच. पण आता त्यानं स्वतः हात पुढं केलेला असतो. मी या लोकांना माझ्याकडून एकच सांगतो, की खोकल्याचं औषध घेताना मला विचारा, काही सिरपांमध्ये अल्कोहोल असतं, टॉनिकात असतं, आणि त्यानं पण त्रास होतो.

आणि एवढं करून ही गोळी म्हणजे कामाचा छोटा हिस्सा. खरं काम गोळ्या संपल्यावर सुरू होतं असं माझं मत आहे आणि याच जागी बाकीची केंद्रं कमी पडतात. आमच्या नात्यातल्या एकाला शहराजवळच्या एका खाजगी केंद्रात टाकलं होतं. रात्री गाडी आली, चार जणांनी उचलून नेला. तिथं मारायचे, फोन करू द्यायचे नाहीत. परत आला तेव्हा दारू सुटलेली होती आणि बायकोशी बोलणं पण सुटलेलं होतं. गाडीचा खर्च निघायच्या आत तो प्यायला लागला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनामुळं होणारे आजार पण येतात, केंद्राची नोंदणी लागते, पेशंटला मारायचा, डांबून ठेवायचा कोणालाच हक्क नाही. पण खेड्यातल्या बाईला हे कोण सांगणार, ती बिचारी पैसे भरून सही करून येते.

इथं उलटं आहे. समुपदेशक मोटरसायकलवर गावात जातो. पेशंटच्या घरी चहा घेतो. महिनाभर न प्यायलेल्या माणसाच्या घरात काय अडचणी येतात त्या ऐकून मी चाट पडलो होतो. मला वाटायचं बाप्पा सोडली की सुख. तर नाही. बायकोला पैशाचा व्यवहार स्वतःच्या हातात ठेवायची सवय झालेली, आता हा म्हणतो मले हिशोब दे. पोरगा मोठा झालेला, बापाचं ऐकत नाही. मित्र सगळे भट्टीवरचे, संध्याकाळी सहा वाजले की करायचं काय? एकानं सांगितलं, "सहा ते आठ काहाडाचे कसे, थे सांगा. बाकी दिवस कामात जाते." मग संस्थेनं त्यांच्या गावातल्या गुरुदेव सेवा मंडळाच्या लोकांशी बोलून त्याला संध्याकाळच्या प्रार्थनेला बसवलं, तो खंजिरी वाजवायला लागला. दुसऱ्याला हे जमलं नाही, त्याला प्रार्थनाच आवडत नाही. तो संध्याकाळी वावरात पाणी द्यायला जायला लागला, लाईट पण तेव्हाच येते.

दर पंधरा दिवसांनी समाज मंदिरात पाच-सहा जण गोल बसतात आणि आपापलं सांगतात. ही पद्धत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसवाल्यांची, १९३५ ला अमेरिकेत सुरू झाली. त्यात नाव गुप्त ठेवायचा नियम आहे. दोनशे घरांच्या गावात कोणाचं नाव गुप्त राहणार, कोण कोणत्या नाल्यात पडला होता ते सगळ्या गावाला पाठ आहे. पण तरी नियम पाळतात. तिथं ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही आणि मला पण त्यांनी एकदाच बसू दिलं, म्हणून तिथलं काही लिहीत नाही.

आणि परत प्यायले तर? पितात की. बरेच जण पितात. पहिला माणूस परत प्यायलेला बघितला तेव्हा मला वाटलं गेलं सगळं पाण्यात, मी तसं समुपदेशकाला म्हणलं पण. तो म्हणे, "भाऊ, जूनमंदी पेरलं अन् पाणी नाही आलं त काय करता? दुबार पेरता ना? मंग याच्या टायमालेच काऊन तोंड पाडता?" आता यावर शेतकऱ्याच्या पोरानं काय बोलावं. ते परत प्यायलेल्याला रागवत नाहीत, पहिला घोट कुठं घेतला, कोणासोबत, त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते बारीक विचारत बसतात. बहुतेक वेळा उत्तरात चुकारा हातात आलेला असतो, नाहीतर तेरवी, नाहीतर लग्नाची वरात. म्हणून चुकारा आता बायकोच्या नाहीतर आईच्या खात्यात घ्यायचा असं चार-पाच घरांनी ठरवलंय. सगळ्यांना हे मान्य नाही, त्यावरून पण भांडणं झाली, एका सासऱ्यानं तर संस्थेच्या माणसाला घरातून हाकलला.

एक गोष्ट मला तिथं खटकते आणि मी त्यांच्या तोंडावर बोललोय. ओपीडीबाहेर थांबलेले निम्मे लोक खर्रा घोटत असतात. दारू सोडलेल्यांचा खर्रा तर दुप्पट होतो. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीवर घासायचा आणि गालात धरायचा, विदर्भात याला कोणी व्यसन समजतच नाही, पोट्टे आठवीपासून खातात. माझ्याकडं तोंड उघडत नाही, तिखट लागते म्हणून मलम मागायला येणारे पंचविशीतले पोरं आहेत. बोटं एकावर एक धरून दाताच्या मधात तीन जातात का बघा म्हणलं तर दोन पण जात नाहीत. संस्था म्हणते एका वेळी एक. डॉक्टर म्हणतात दोन्ही सोबत सोडायला हरकत नाही. मी डॉक्टरच्या बाजूनं आहे. समुपदेशक स्वतः खर्रा खातो म्हणून तो संस्थेच्या बाजूनं आहे असं मी म्हणलं तर दोन बाजार माझ्याशी बोलला नाही.

खर्च विचारतात लोक, म्हणून सांगतो. ओपीडीला पैसे घेत नाहीत, गोळ्या बाहेरून घ्याव्या लागल्या तर फार महाग नाहीत. संस्थेचं चालतं ते देणग्यांवर, सरकारी अनुदान आलं तर आलं. सीझनला गावांतून तूर, गहू येतो, तो पेशंटच्या जेवणात जातो. मागच्या वर्षी एका बरं झालेल्या माणसानं संत्र्याची अख्खी गाडी आणून उतरवली, खायला पेशंट सहा, मग बाजारात वाटत बसले.

ज्यांच्या जवळपास असं काही नाही त्यांच्यासाठी केंद्र सरकारची हेल्पलाईन आहे, १४४४६, फोन फुकट आहे. आणि आमच्या तालुक्यातलं कोणी वाचत असेल तर बाजाराच्या दिवशी दुकानावर या, गल्ली दाखवतो. अकराच्या आत या, नंतर गर्दी होते. जुन्या चिठ्ठ्या, सोनोग्राफीचा रिपोर्ट असला तर घेऊन या. तो यायला तयार नसला तर बाईनं एकटीनं आलं तरी चालतं, नर्स ताई तिच्याशी पण तेवढाच वेळ बोलते, आणि बऱ्याच घरांत सुरुवात तशीच झालीय. कुरिअरची पावडर घरात पडलेली असेल तर ती पण सोबत आणा, पाकिटासकट, डॉक्टरांना बघायची आहे.